गज बदलला, तालीम नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला फ्रेंच व्हायोलिनवादक झाँ-ल्यूक पाँती यांच्यावरचा लेख आवडला. मात्र ‘शास्त्रीय संगीत सोडून ते जॅझकडे वळले’ हे त्यातले विधान दिशाभूल करणारे आहे. व्हायोलिन शिकणारी मुले हे वाक्य वाचून शास्त्रीय तालमीच्या पायऱ्या गाळायला बघतात, म्हणून हे पत्र.

पाँती यांचा जन्म १९४२चा, नॉर्मंडीतल्या आव्राँशचा. वडील व्हायोलिन शिकवत, आई पियानो. सोळाव्या वर्षी पॅरिसच्या काँझर्व्हेटरीत (संगीत महाविद्यालयात) प्रवेश, दोन वर्षांत तिथले पहिले पारितोषिक आणि लगेच लामूरो ऑर्केस्ट्रात तीन वर्षे वादन. जॅझ त्यांनी आधी क्लॅरिनेटवर आणि टेनर सॅक्सोफोनवर वाजवले, व्हायोलिनवर नंतर. लेखात ही गोष्ट एका ओळीत उरकली आहे, पण त्यांच्या वादनाचे मर्म तिच्यातच आहे. फुंकून वाजवणाऱ्याला श्वास कुठे घ्यायचा ते ठरवावे लागते. पाँतींनी गजाला, म्हणजे तारांवर ओढायच्या काठीला, तो श्वास दिला.

पाश्चात्त्य शास्त्रीय वादनात ठोक्यावरचा स्वर बहुधा खाली ओढलेल्या गजावर येतो आणि वजनही तिथेच पडते. त्याच सवयीने स्विंग, म्हणजे जॅझमधली लांब-आखूड स्वरांची झुलती लय, वाजवले, प्रत्येक स्वराला गज बदलला, की ते कवायतीसारखे ऐकू येते. उपाय असा : दोन ठोक्यांच्या मधल्या स्वरावर गज बदलायचा, त्याच ओढीत पुढच्या ठोक्याचा स्वर घ्यायचा आणि जोर मधल्या स्वरावर ठेवायचा. गजाचा मधला किंवा त्याच्या किंचित पुढचा भाग वापरायचा, चार-पाच इंचांपेक्षा जास्त नाही. लय वाढली की लांब-आखूड स्वरांतला फरक आपोआप कमी होतो. तो मुद्दाम राखायला गेले की वादन लंगडते. आधी मेट्रोनोम (ठोके देणारे यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून एकच स्केल असे घोटावे. तान नंतर.

दुसरी गोष्ट व्हायब्राटोची, म्हणजे बोट हलवून स्वराला दिलेल्या कंपाची. पाँतींनी तो जवळजवळ काढून टाकला आणि सॅक्सोफोनसारखा सरळ स्वर धरला. गजाननराव जोशी, श्रीधर पार्सेकर यांचे व्हायोलिन ऐकलेल्या कानांना स्थिर स्वराचे अप्रूप वाटणार नाही. पण आपला वादक बसून, व्हायोलिनचे टोक पायावर टेकवून वाजवतो, त्यामुळे त्याचा डावा हात मिंडेला (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायला) मोकळा असतो. पाँती व्हायोलिन हनुवटीखाली धरतात. तिथे पोझिशन बदलताना, म्हणजे डावा हात तारेवर वर-खाली सरकवताना, स्वर एखाद्या श्रुतीनेही हलला तरी लपवायला व्हायब्राटोचे पांघरूण उरत नाही. काँझर्व्हेटरीतल्या बोटांच्या मेहनतीशिवाय हे निभले नसते.

तिसरी अडचण आवाजाची. ड्रमसमोर साधे व्हायोलिन टिकत नाही. माइक जवळ आणला तर ड्रमही त्यात शिरतो आणि आवाज वाढवताच फीडबॅक (स्पीकरची शिट्टी किंवा घुमघुम) सुरू होतो, कारण स्पीकरचा आवाज व्हायोलिनच्या पोकळ पेटीला पुन्हा घुमवतो. पेटीतल्या हवेचा स्वतःचा घुमार साधारण २७० ते २८० हर्ट्झच्या आसपास असतो, त्यामुळे खर्जाकडचा फीडबॅक बहुधा तिथूनच उठतो. इक्वलायझरवर (खालचे-वरचे स्वर वेगवेगळे कमी-जास्त करायच्या यंत्रावर) तेवढाच अरुंद पट्टा उतरवावा, सगळा बास नाही. पाँती म्हणूनच पिकअपकडे (वाद्यालाच लावून त्याची कंपने विजेच्या संकेतात बदलणाऱ्या साधनाकडे) आणि पुढे इलेक्ट्रिक व्हायोलिनकडे गेले. पाच तारांच्या व्हायोलिनवर खर्जाची सी तार मिळते, सुमारे १३१ हर्ट्झची.

इथे आपल्याकडे हमखास होणारी चूक सांगतो. घोडीला (तारा पेलणाऱ्या लाकडी पट्टीला) लावलेला पिएझो, म्हणजे दाबातून वीज निर्माण करणारा, पिकअप थेट मिक्सरच्या १० किलोओहमच्या लाइन इनपुटला जोडतात. मग खालच्या तारा पातळ आणि वरची ई तार किरकिरी वाजते, आणि दोष व्हायोलिनला लागतो. खरे तर पिएझो कपॅसिटरसारखा वागतो. इनपुटचा इम्पिडन्स (ओहममध्ये मोजला जाणारा विद्युत अडथळा) कमी असला की खालचे स्वर गाळले जातात. मध्ये निदान १ मेगाओहम (१००० किलोओहम) इनपुटचा प्रीअँप, म्हणजे मिक्सरआधीचा छोटा अँप्लिफायर, हवा, तोही व्हायोलिनजवळ, कारण लांब केबलमध्ये आवाज आणखी मरतो.

आता ‘सोडले’ या शब्दाकडे. १९६६मध्ये बाझेलला स्टेफान ग्रापेली, स्टफ स्मिथ आणि स्वेंड आस्मुसेन या बुजुर्ग जॅझ व्हायोलिनवादकांसोबत पाँती वाजवले, १९६९मध्ये अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झॅपा यांच्या रचनांची तबकडी त्यांनी केली, १९७३मध्ये ते अमेरिकेत गेले. पुढच्याच वर्षी महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक बँडच्या ‘अपोकॅलिप्स’ या तबकडीमध्ये ते होते आणि सोबतीला होता लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा. लिहिलेले स्वर आणि उपजेचे स्वर एकाच तबकडीवर! १९९५मध्ये गिटारवादक अल डी मेओला आणि बासवादक स्टॅनली क्लार्क यांच्यासोबतच्या तबकडीत तर ते पुन्हा साध्या, बिनविजेच्या व्हायोलिनवर आले. लेखाच्या पुढच्या भागात ही दुरुस्ती छापावी आणि त्या १९९५च्या तबकडीचाही उल्लेख व्हावा.

आपला,
एक व्हायोलिन शिक्षक, पुणे