गांधी की नेहरू, आणि आपला सातबारा

मनू,

काल फोनवर तू विचारलंस, देश खेड्यांवर उभा करायचा की कारखान्यांवर, यात गांधी बरोबर की नेहरू, आणि मी कुकरच्या शिट्ट्यांमध्ये काहीतरी ठोकून दिलं, म्हणून आता नीट लिहितोय, असाइनमेंटला उपयोग झाला तर बघ.

मतभेद चांगलेच होते. ऑक्टोबर १९४५ मध्ये गांधीजींनी जवाहरलालना लिहिलं की माझ्या ‘हिंद स्वराज्य’ पुस्तकातल्या विचारांवर मी अजून ठाम आहे, लोकांनी खेड्यातच राहायला हवं, आणि नेहरूंनी चार दिवसांत उत्तर धाडलं की खेडी तर मागासलेली असतात, बुद्धीनंही आणि संस्कृतीनंही. वडिलांच्या जागी असलेल्या माणसाला इतकं तोंडावर! (तू मला सुनावतेस तसंच.)

पण तुमच्या चर्चेत आंबेडकर कुठेच नाहीत, हे मला खटकलं. १९१८ साली, जेमतेम सत्तावीस वर्षांचे असताना त्यांनी शेतीच्या तुकड्यांवर निबंध लिहिला. तेव्हा सगळे म्हणायचे तुकडे जोडा की झालं. हे म्हणाले नुसता आकार काय बघता, त्या जमिनीवर भांडवल किती, अवजारं किती आणि माणसं किती ते बघा, जास्तीचे हात उद्योगधंद्यात गेल्याशिवाय शेती सुटायची नाही.

आता आपला सातबारा बघ. आधी आजोबांचं एकट्याचं नाव होतं, साडेसहा एकर. आज त्यावर अकरा नावं आहेत, आत्यांची धरून, आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दर उन्हाळ्यात बोलणं बंद होतं. मी नोकरीला बाहेर पडलो म्हणून काकाला माझा वाटा कसता येतो, नाहीतर त्याचंही भागलं नसतं.

नेहरूंचं पोलाद आलं, भिलाई, रूरकेला, दुर्गापूर, आणि ते हवंच होतं असं मी म्हणेन, पण त्या कारखान्यांनी शेतातले हात फारसे उचलले नाहीत. अजूनही देशातले निम्म्याच्या आसपास कामकरी लोक शेतीवर आहेत आणि उत्पन्नात शेतीचा वाटा पाचव्या हिश्श्याच्या आसपास. गांधींच्या वाट्याला घटनेचं कलम ४० आलं, ग्रामपंचायतींचं, तेही मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे कोर्टात जाऊन सक्ती करता येत नाही अशा भागात, आणि पंचायतींना घटनेचा खरा आधार मिळायला १९९२ ची ७३वी दुरुस्ती यावी लागली.

सातबाऱ्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतोय. नावं झाकून वापर, नाहीतर काका चिडेल.

बाबा