ट्रायलच्या कागदावर सही करायची घाई नको

प्रिय आई-बाबा,

काल बाबा म्हणाले ना, की डॉक्टरांनी शुगरच्या नव्या औषधाच्या ट्रायलसाठी विचारलंय आणि "इतकी वर्षं बघतायत आपल्याला, त्यांना नाही कसं म्हणायचं", तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय.

बाबा, डॉक्टर चांगलेच आहेत, पण एरवी ते तुमच्याकडे बघून औषध लिहितात आणि ट्रायलमध्ये मात्र औषध चालतं का तेच शोधायचं असतं, नवी गोळी कुणाला नि नुसती दिसायला तशी गोळी कुणाला हे बऱ्याचदा चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, डॉक्टरांनाही माहीत नसतं. म्हणूनच हेलसिंकी जाहीरनाम्यात, म्हणजे माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनासाठी जगभरातल्या डॉक्टरांनी ठरवलेल्या तत्त्वांत, म्हटलंय की पेशंट ज्या डॉक्टरवर अवलंबून आहे त्याने नाही, दुसऱ्या जाणकार माणसाने संमती घ्यावी. तेव्हा बिनधास्त विचारा, दुसरं कोणी समजावून सांगेल का. त्यात त्यांचा अपमान नाही. आणि नाही म्हटलं किंवा मधेच सोडलं तरी तुमची नेहमीची ट्रीटमेंट थांबवता येत नाही.

आई, तू मात्र बाबांच्या वतीने सही करायची नाहीस. आपल्याकडच्या औषधांच्या ट्रायलसाठीच्या 2019 च्या नियमांप्रमाणे पेशंट स्वतः संमती द्यायच्या स्थितीत नसेल तरच दुसऱ्याची सही चालते. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये एचपीव्ही लसीच्या (गर्भाशयमुखाचा कॅन्सर टाळायची लस) अभ्यासाच्या वेळी हॉस्टेलच्या मुलींच्या फॉर्मवर आईवडिलांऐवजी वॉर्डनने सह्या केल्या होत्या, संसदीय समितीने 2013 मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. सांभाळणारा माणूस कितीही जवळचा असो, शरीर ज्याचं त्याचाच होकार.

पण तू तिथे बसायलाच हवंस. रात्री बाबांची शुगर खाली गेली की घामाने भिजलेला शर्ट आधी तुझ्या हाताला लागतो, साखरपाणी तूच करतेस, त्यामुळे खरे प्रश्न तुझ्याकडेच आहेत. रात्री 2 वाजता त्रास झाला तर फोन कुणाला? इन्सुलिन चालू ठेवायचं का? ट्रायलमुळे काही झालं तर उपचार फुकट, हे कागदावर कुठे लिहिलंय ते बोट ठेवून दाखवायला सांग.

मराठीतला माहितीचा कागद मागून घरी आणा, दोघं नीट वाचा. सही केलीच तर कॉपी मिळायलाच हवी. सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या ट्रायल जिथे नोंदवतात त्या सरकारी नोंदणीचा, नंबरही घ्या, मी इथून तपासते, आणि पुढच्या व्हिजिटला मला फोन लावून स्पीकरवर ठेवा.

तुमची,
ताई