अमेरिकेचा दाखला देण्यापूर्वी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माळव्यातील नीलगायी आणि काळविटे यांच्या उपद्रवाविषयी गेले काही आठवडे आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात बरीच पत्रे येत आहेत. शेतकऱ्याला या जनावरांच्या शिकारीची मुभा द्यावी, अशी मागणी करताना त्यांतील दोन-तीन पत्रलेखकांनी अमेरिकेचा दाखला दिला आहे. तेथे मिसरूड न फुटलेली मुलेही धनुष्यबाण घेऊन हरणे मारतात, सरकार त्यांना रीतसर परवाना देते, मग आपल्याकडेच एवढा बाऊ कशासाठी, असा त्यांचा सवाल आहे. त्यांना उत्तर देणाऱ्यांनी तेथील समस्त शिकाऱ्यांना क्रूरकर्मे ठरवून विषय निकालात काढला. माझ्या मते दाखला देणाऱ्यांनी तो अर्धाच वाचला आणि खोडणाऱ्यांनी तो वाचलाच नाही. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा विस्कॉन्सिन राज्यात जन्मला व वाढला असून गेल्या वर्षी त्याने धनुष्यबाणाने हरणाच्या शिकारीचा आपला पहिला हंगाम पार पाडला. त्या दिवसांत मी बहिणीकडे मुक्कामाला होतो. जे पाहिले आणि त्याला खोदून खोदून विचारले, त्यावरून माझी अशी खात्री झाली आहे की हा दाखला शिकार खुली करण्याच्या बाजूचा नाही, तर विरुद्ध बाजूचा आहे.

त्या राज्यात १९७३ पासून पुढे जन्मलेल्या माणसाला शिकारीचे शिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवल्याखेरीज सर्वसाधारणपणे स्वतंत्र परवाना मिळत नाही. धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यास सुरू होऊन जानेवारीच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास संपतो. मध्ये नोव्हेंबरात बंदुकीचे नऊ दिवस येतात आणि तेवढ्या दिवसांत धनुर्धाऱ्यालाही भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी कपडे घालणे बंधनकारक असते, म्हणजे कोणी त्यालाच हरीण समजू नये. नर मारायचा की बिनशिंगी मादी, हे परवान्यात नमूद असते. मादीचा परवाना तर ठरावीक जिल्ह्यापुरताच चालतो, आणि असे किती परवाने द्यायचे हे त्या त्या जिल्ह्यातील हरणांचा अंदाज घेऊन दरवर्षी ठरते. आपल्या पत्रलेखकांच्या नजरेसमोर असलेली ‘मुभा’ ही एवढ्या कुंपणाच्या आत आहे.

आता धनुष्याविषयी. आपल्याकडे झाबुआ-अलिराजपूरच्या भिलांचा तिरकमठा ज्यांनी पाहिला आहे त्यांना ते धनुष्य ओळखूही येणार नाही. त्याच्या दोन्ही टोकांना चाके असतात आणि दोरी त्यांवरून फिरते. मिसुरी राज्यातील हॉलिस विल्बर ॲलन याला या रचनेचे पेटंट १९६९ साली मिळाले. दोरी ओढताना सुरुवातीला पूर्ण जोर लागतो, पण ती पुरती मागे आली की चाकांच्या आकारामुळे हातावरचा भार पाव-तृतीयांशावर येतो. त्यामुळे शिकारी दोरी ताणून काही क्षण स्थिर राहू शकतो. माझा भाचा उन्हाळाभर परसात फोमच्या लक्ष्यावर नेम धरत होता. जमिनीवरून जमू लागल्यावर तो छपरावर चढून सराव करू लागला, कारण प्रत्यक्षात बाण झाडावरच्या मचाणावरून खाली सोडायचा असतो आणि उंचीवरून बाण हरणाच्या शरीरात शिरण्याचा कोन पालटतो. मचाणावर कमरेला व खांद्यांना पट्टा बांधल्याशिवाय बसायचे नाही, हे त्याला शिक्षकांनी बाणाच्याही आधी शिकवले होते. या शिकारीत माणसे जायबंदी होतात ती बहुतेक वेळा मचाणावरून पडून.

एवढे यंत्र हाती असूनही तो वीस-पंचवीस यार्डांपलीकडे बाण सोडत नसे. याचे कारण मला फार उद्बोधक वाटले. अशा धनुष्याचा बाण सेकंदाला पावणेतीनशे फुटांच्या आसपास जातो, म्हणजे वीस यार्ड कापायला त्याला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. दोरीचा आवाज मात्र सेकंदाला अकराशे फुटांच्या वेगाने धावतो आणि बाणाच्या कितीतरी आधी हरणाच्या कानी पोचतो. दचकलेले हरीण पळण्यासाठी प्रथम पाय दुमडून अंग खाली घेते. बाण पोचेपर्यंत त्याची पाठ वीतभर खाली गेलेली असू शकते, आणि फुप्फुसावर धरलेला नेम पाठीच्या वरच्या मांसात लागतो किंवा हुकतो. अंतर वाढेल तसा हा धोका वाढत जातो. बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही. त्याचे वस्तऱ्यासारखे पाते रक्तवाहिन्या कापते आणि रक्तस्रावाने प्राणी मरतो. फुप्फुसे किंवा हृदय सापडले तर हरीण शे-सव्वाशे यार्ड धावून काही सेकंदांत कोसळते. ती सापडली नाहीत तर ते तासन् तास कुढत मरते, किंवा जखम घेऊन जगते. म्हणून हरीण आडवे उभे असावे, किंवा किंचित पाठमोरे, आणि पुढचा पाय पुढे टाकलेला असावा, तरच बाण सोडायचा, असा दंडक आहे. समोरून तोंड करून उभे असलेले हरीण कितीही जवळ असले तरी ते सोडून द्यायचे. आणि झुडपातल्या नुसत्या सळसळीवर तर बाण कधीच सोडायचा नाही. दशरथाने श्रावणबाळाच्या बाबतीत जे केले तेच टाळण्याचा हा नियम आहे, हे मी भाच्याला सांगितले. आजीकडून ऐकलेली ती गोष्ट त्याला चांगली आठवत होती.

हंगामाचा बहुतेक काळ त्याने नुसता बसून काढला. पहाटे अंधारात निघायचे, वारा कोणीकडून वाहतो ते पाहून मचाण निवडायचे आणि हात-पाय न हलवता गारठत राहायचे. नोव्हेंबरात माजावर आलेले नर माद्यांमागे भरदिवसा फिरू लागतात, तेव्हा त्याच्या मचाणाखालून एक चांगल्या शिंगांचा नर गेला. पण तो थांबलाच नाही आणि याने दोरी ओढली नाही. घरी आल्यावर त्याच्या चेहऱ्यावर चुटपूट होती, हे मी लपवणार नाही.

अखेर एका संध्याकाळी त्याने मादीवर बाण सोडला. बाण आरपार जाऊन मातीत रुतला होता. त्याने खाली उतरून तो उपसला आणि विजेरीच्या उजेडात निरखून पाहिला. पिसांवर गुलाबी, बुडबुडे असलेले रक्त होते. हे फुप्फुसाचे लक्षण. रक्त गडद असते तर यकृत समजायचे, आणि हिरवट घाण लागून दुर्गंधी येत असती तर बाण पोटात लागला असे धरून आठ-दहा तास हरणाच्या मागे जायचे नाही, कारण पाठलाग केला तर ते उठून मैलभर जाते आणि मग सापडत नाही. लक्षण चांगले असूनही त्याने अर्धा तास घड्याळ पाहत काढला आणि मग वाळलेल्या पानांवरचा एकेक थेंब शोधत तो पुढे सरकला. मादी फार दूर गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाचच्या आत तिची सरकारदरबारी नोंद करणे सक्तीचे होते आणि ती त्याने त्याच रात्री केली. मग गळ्यातील लसिका-गाठी काढून तपासणीसाठी दिल्या. त्या राज्यातील हरणांत २००२ पासून मेंदू पोखरणारा एक असाध्य रोग आढळतो आणि त्याचा अहवाल आल्याशिवाय जाणती माणसे ते मांस खात नाहीत. बहिणीने ते आपल्या स्वयंपाकघरात येऊ दिले नाही, म्हणून भाच्याने ते बाहेर शेगडीवर तिच्याच काळ्या मसाल्यात शिजवले. मीही खाल्ले. आमच्या घरी रविवारी मटण शिजते, तेव्हा त्या मादीसाठी अश्रू ढाळणे मला ढोंगीपणाचे वाटले असते.

या एका मादीमागे केवढी व्यवस्था उभी आहे, हे आपल्या पत्रलेखकांनी पाहायला हवे. १९०० च्या सुमारास बाजारासाठी होणाऱ्या बेसुमार कत्तलीमुळे पांढऱ्या शेपटीची ही हरणे अमेरिकेत काही लाखांवर आली होती आणि कित्येक राज्यांतून जवळजवळ नाहीशी झाली होती. आज ती तीन कोटींच्या घरात असल्याचे मानले जाते. त्यांना खाणारे लांडगे देशाच्या बहुतेक भागांतून माणसाने संपवले आहेत, आणि दरवर्षी दहा लाखांहून अधिक वेळा ती मोटारींना धडकतात. हे पुनरुज्जीवन घडले त्यामागे दोन गोष्टी आहेत. रानातल्या हरणाचे मांस विकण्यास तेथे मनाई झाली, हे एक. शिकाऱ्याने ते खावे, वाटावे, दान करावे, पण विकू नये. दुसरे म्हणजे १९३७ च्या कायद्याने बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना मिळू लागला. परवान्याचा पैसा अन्यत्र वळवणाऱ्या राज्याला त्यातला वाटा मिळत नाही. धनुष्यबाणांवर ११ टक्के कर लावण्याचा कायदा १९७२ साली झाला. आपला वन्यजीव संरक्षण कायदाही त्याच वर्षीचा. एकाच वर्षी दोन देशांनी दोन उलट वाटांनी एकच गोष्ट साधू पाहिली, आणि आपली वाट आपल्या परिस्थितीला धरूनच होती.

कारण आपल्याकडे परवान्याची शिकार नव्हतीच असे नाही. इंदूरजवळच्या राळामंडळच्या टेकडीवरील होळकरांचे शिकारगृह आजही उभे आहे. मुले सहलीला जातात आणि खाली कुंपणातली चितळे पाहतात. संस्थानी शिकारीवर फक्त राजाच्या मर्जीचा अंकुश होता, आणि संस्थाने गेल्यावर तोही उरला नाही. जीपगाड्या, झोतदिवे आणि बंदुका घेऊन रातोरात रान साफ करणाऱ्यांच्या हकिकती माझ्या वडिलांच्या पिढीने पुष्कळ ऐकवल्या आहेत. १९४७ साली आताच्या छत्तीसगडमधील कोरिया संस्थानाच्या राजाने एका रात्री मारलेल्या तीन चित्त्यांनंतर या देशात चित्त्याची खात्रीची नोंद नाही, आणि २०२२ मध्ये कुनोसाठी ते नामिबियातून आणावे लागले. आता उद्या काळविटाची शिकार खुली केली, तर कोणाच्या शेतात किती मारायची हे कोण मोजणार? मारलेल्याची नोंद त्याच रात्री कोण करील? आणि महामार्गावरील ढाब्यांवर ते मांस ‘खास’ म्हणून विकले जाणार नाही, याची हमी कोणता वनरक्षक देईल? भिल्ल पूर्वापार बाणाने शिकार करीत आले, असेही एका पत्रात म्हटले आहे. पण पत्रलेखकांना हवी असलेली मुभा भिल्लांसाठी आहे, असे त्यांच्या पत्रांवरून मला तरी दिसले नाही.

नीलगायींवर बंदूक चालवून पाहण्याचा प्रयोगही झालेला आहे. केंद्राने बिहारमध्ये नीलगायीला उपद्रवी ठरवल्यानंतर २०१६ साली मोकामा भागात बाहेरून नेमबाज आणून दोनशेहून अधिक नीलगायी मारण्यात आल्या आणि त्यावरून दोन केंद्रीय मंत्र्यांत जाहीर वादावादी झाली. ज्या शेतांतून त्या मारल्या गेल्या, तेथे कुंपण, नुकसानभरपाई, उरलेल्या कळपांची मोजणी यांची घडी त्या गोळीबाराने बसली नाही. काळविटाची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत असून त्याच्या शिकारीला किमान तीन वर्षांचा कारावास आहे, आणि कायद्याच्या व्याख्येत शिकारीचा प्रयत्नही शिकारच धरला जातो.

म्हणून शेतकऱ्याने गप्प बसावे, असे मी म्हणत नाही. सोयाबीनच्या उगवत्या रोपांवर किंवा हरभऱ्यावर एका रात्रीत कळप फिरला की काय उरते, हे शाजापूरकडच्या माझ्या नातलगांच्या शेतात मी पाहिले आहे. त्याच शाजापुरात २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये हेलिकॉप्टरच्या मदतीने काळविटे आणि नीलगायी नरसाळ्याच्या आकाराच्या कुंपणात हाकून पकडण्यात आल्या आणि अभयारण्यांत नेऊन सोडण्यात आल्या. हा उपाय खर्चिक आहे, पण त्यात किती जनावरे हलवली याचा हिशेब राहतो. देवास, उज्जैन व इंदूर जिल्ह्यांतही तो कधी आणि कोणत्या क्रमाने होणार, हे वनखात्याने जाहीर करावे. पिकाच्या नुकसानीची भरपाई महसूल खात्यामार्फत मिळते खरी, पण पटवाऱ्याचा पंचनामा होईपर्यंत खाल्लेल्या रोपांच्या जागी नवे तण उगवलेले असते. वन व महसूल या दोन्ही खात्यांची माणसे एकाच दिवशी शेतावर यावीत आणि पंचनाम्याची प्रत त्याच वेळी शेतकऱ्याच्या हाती पडावी, एवढी मागणी आपल्या वृत्तपत्राने लावून धरली, तर या चर्चेचा शेतकऱ्याला काही उपयोग होईल.

आपला नम्र,
एक वाचक
लोकमान्यनगर, इंदूर