आमच्या गावच्या आशाताईंना

आशाताई,
सप्रेम नमस्कार.

पेरणीच्या दिवसांत माझा उजवा डोळा अंधूक झाला होता. डोळा फिरवला की कळ यायची, ताटातलं लाल तिखट त्या डोळ्याला विटकं दिसायचं. काही आठवड्यांत नजर परतली आणि घरात सगळे ते विसरून गेले. पुढच्या वर्षी कापूस वेचताना मान वाकवली की पाठीतून करंट जायचा, कमरेला पट्टा आवळल्यासारखं वाटायचं, पायाखालची ढेकळं समजेनात. कुणी अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं, कुणी बाहेरचं म्हणून धागा बांधला. तुम्ही एकट्याच म्हणालात, "मांग डोया, आता पाय. दोन्ही गोष्टी डॉक्टरले संगच सांगजो."

नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात तेच कामी आलं. वेगवेगळ्या वेळी, मज्जासंस्थेच्या वेगवेगळ्या जागी इजा होणं ही मल्टिपल स्क्लेरोसिसची मोठी खूण आहे. एमआरआय झालं, पाठीतलं पाणी तपासलं, निदान पक्कं झालं.

मग आमच्या ओट्यावर बसून तुम्ही सासूबाईंना समजावलंत. मोटारपंपाच्या केबलचं प्लास्टिक सोललं की करंट नीट पोचत नाही. तसं आपलीच रोगप्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याच्या नसांवरचं मायलिनचं आवरण खराब करते. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. कारणही एक नाही: एपस्टाईन-बार विषाणूचा जुना संसर्ग, ड जीवनसत्त्वाची कमतरता, विडी-सिगारेट, थोडा आनुवंशिक भाग. बायकांत तो पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट, बहुधा २० ते ४० वयात सुरू होतो. करणीचा विषय त्यानंतर आमच्या घरात निघाला नाही. माझ्यासाठी औषधाइतकंच मोठं होतं ते.

माझा प्रकार झटका येऊन ओसरणारा, म्हणजे डोळ्याचं झालं तसं त्रास उठतो आणि काही दिवसांनी उतरतो. सुमारे ८५ टक्के रुग्णांची सुरुवात अशीच होते. त्यातल्या काहींचा आजार पुढं झटक्यांविनाही हळूहळू वाढत जातो, आणि थोड्यांचा पहिल्यापासूनच तसा असतो. झटक्याला स्टेरॉईडची सलाईन, झटके कमी व्हावेत म्हणून रोजचं औषध. मुळासकट जात नाही, हे तुम्ही माझ्यापासून लपवलं नाही.

मे महिन्यात पारा ४५ वर गेला आणि नजर पुन्हा धुरकट झाली, तेव्हा माझा धीरच सुटला होता. तुम्ही मानेवर ओला दुपट्टा ठेवलात, कूलरसमोर बसवलंत, डॉक्टरांना फोन लावलात. अंग तापलं की जुनी लक्षणं वर येतात, गार झालं की उतरतात. नवा झटका असेल तर तो निदान २४ तास टिकतो. आता उन्हाळ्यात मी सकाळीच वावरातून परत येते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा आजार आहे हे तुम्हीच सांगितलंत, प्रमाणपत्राचा अर्जही भरून दिलात. तुमच्या मानधनाच्या कामात यातलं काहीच बसत नाही. नागपूरला आलात त्या दिवशी तुमची स्वतःची वेचणी बुडाली, हे मला ह्यांच्याकडून फार उशिरा कळलं.

गावात कुणाला असं काही दिसलं तर मला हाक मारा ताई. माझे रिपोर्ट घेऊन मी सोबत येईन.

तुमची,
खालच्या आळीतली सून