वॉचमनला बोलू दे

परळ, मुंबई

प्रिय निल्या,

तुझ्या गेमचा डेमो खेळलो. बंद गिरणीतला काळोख, गळकं छप्पर, गंजलेले माग, सगळं जमलंय. पण तुझे वॉचमन मुके आहेत. फोनवर म्हणालास, त्यांची वाक्यं वेळ उरला तर शेवटी लिहीन. तसं करू नकोस रे, म्हणून हे पत्र.

१९९८चा 'थीफ' हा चोराचा गेम आठव. पहिल्याच घरफोडीत दोन पहारेकरी अस्वलांच्या झुंजींबद्दल बोलत असतात आणि आपण अंधारात उभे. त्या गप्पांचा चोरीशी काडीचा संबंध नाही. पण या शहरातली माणसं कामावरून सुटली की कुठे जातात, ते कळतं. त्याच वर्षीच्या 'हाफ-लाइफ'मधला एक सैनिक कुरकुरतो की राक्षस मारू, पण साधी माणसं? हा हुकूम दिला कुणी? लष्कर शास्त्रज्ञांनाही मारतंय हे आपण पाहिलेलं असतं. ते त्यांच्यातल्याच कुणाला टोचतंय, हे त्या कुरकुरीतून कळतं. त्याच्यावर गोळी झाडणं मला जड गेलं होतं.

२००५च्या 'फिअर'ची गंमत तर तुझ्यासारख्या प्रोग्रॅमरला आवडेल. साथीदार मेले की उरलेला शत्रू कुमक मागतो. कुमक बोलावण्याची सोय कोडमध्ये नव्हतीच! पण पुढे गेल्यावर शत्रू भेटणारच, आणि खेळणाऱ्याला वाटतं, हीच ती कुमक. त्या शत्रूंचं वागणं प्रोग्रॅम करणाऱ्या जेफ ऑर्किननं हे स्वतः लिहून ठेवलंय. एका वाक्यानं केवढं काम केलं बघ.

'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'मध्ये (२०२०) शत्रूंपैकी एक पडला की बाकीचे त्याचं नाव घेऊन ओरडतात. परिणाम होतो, नाही म्हणत नाही. पण तिथे लेखक मला वाईट वाटायला लावतोय हे जाणवत राहतं. आपण ऐकतोय हे ज्याला ठाऊकच नाही, त्याचं बोलणं मला जास्त खरं वाटतं.

आणि तुझी गिरणी तर लालबागची! १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि कित्येक पुन्हा कामावर गेलेच नाहीत. तुझ्या वॉचमनांपैकी एकाचा बाप याच गिरणीत असेल की नाही? मग त्यांना एवढंच बोलू दे:

"म्हाडाचा फॉर्म भरलास का बापाचा?"
"भरला. पण गिरणीचे कागद सापडत नाहीयेत. म्हातारा रोज ट्रंक उपसतो."
"माझ्या मामाचं नाव लागलं लॉटरीत. तो गेल्यावर."

संप, डॉ. दत्ता सामंत, जमिनींचे सौदे, यातलं काहीही त्यांच्या तोंडून समजावून सांगू नकोस. ते त्यांना पाठ आहे, मग एकमेकांना कशाला सांगतील? आणि पावलाचा आवाज झाला की वाक्य मधेच तुटू दे. पुढचं ऐकायचं असेल तर खेळणाऱ्यानं दम धरून थांबावं. तेच बोलणं दुसऱ्यांदा मात्र वाजवू नकोस.

आवाजासाठी स्टुडिओतला कुणी घेऊ नकोस. आमच्या चाळीतल्या दोघांना विचारलंय, दोघंही गिरणी कामगारांची मुलं, तयार आहेत. वाक्यं लिहून पाठव, रविवारी माझ्याकडेच रेकॉर्ड करू.

तुझा,
सुहास