बिलावर टॅपेटचं माप लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडली की जुन्या डिझेल गाड्यांच्या धुराबद्दल वाचकांची पत्रं येऊ लागतात. त्यांची तक्रार रास्त आहे. मी स्वतः अशीच एक जुनी गाडी चालवते. १९९४ ची महिंद्रा एमएम ५४०, फोर व्हील ड्राइव्ह, २११२ सीसीचं प्यूजो डिझेल इंजिन. वेल्ह्याकडे आमची तीन एकर जमीन आहे. पावसाळ्यात तिथला शेवटचा चढ पुढची चाकं जोडल्याशिवाय चढता येत नाही, म्हणून ही जीप आम्ही अजून ठेवली आहे. धूर दिसला की जो तो डिझेल फवारणाऱ्या पंप आणि नोझलकडे बोट दाखवतो. त्याआधी बघायची एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे टॅपेट. इंजिनाचे व्हॉल्व्ह आणि ते दाबून उघडणारे रॉकर यांच्यामधली बारीक फट स्क्रूने ठेवतात, ती ही जागा.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात जीप सकाळी चालू व्हायला त्रास देऊ लागली. हीटर प्लग (थंड इंजिन पेटायला सिलिंडर तापवणारे) तापवून तीन-चारदा सेल्फ मारावा लागे. चालू झाली की पांढरा धूर, आणि पहिली दोन मिनिटं एक सिलिंडर मेल्यासारखी लंगडत चाले. शहरातल्या एका गॅरेजात दिली. त्यांनी नोझल बदलले, पंप कॅलिब्रेशनला पाठवला, १४ हजार रुपये घेतले. जीप होती तशीच लंगडत राहिली.

मग मला आदल्या वर्षीची गोष्ट आठवली. याच गॅरेजात मी ‘टॅपेट वाजतात’ अशी तक्रार केली होती. गाडी परत मिळाली तेव्हा इंजिन इतकं शांत होतं की मी त्यांचे आभार मानून आले. बिलावर एवढंच होतं: ‘टॅपेट सेटिंग, मजुरी’.

माझे वडील, अण्णा, दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये फिटर होते. रविवारी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गाड्या आमच्या दारात उभ्या असत आणि टॉर्च धरायचं काम माझं. वाजणाऱ्या टॅपेटची ते फारशी काळजी करत नसत. आवाज एकाएकी बंद झाला म्हणून कुणी आनंदाने सांगायला आलं, की मात्र ते आधी टॅपेट कव्हर खोलायला घेत. हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी विसरले.

अण्णांचं फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या ठराविक जाडीच्या पात्यांचा जुडगा, माझ्याकडे आहे. जीप रात्रभर उभी ठेवून सकाळी सहाला मी कव्हर उघडलं. माझ्या इंजिनाला थंड असताना इनलेटला, म्हणजे हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला, ०.१५ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला, म्हणजे जळालेला गॅस बाहेर सोडणाऱ्याला, ०.२५ मिलिमीटर फट लागते. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टमध्ये ०.०५ ची पातीसुद्धा शिरली नाही. दुसऱ्याची कशीबशी ०.१० निघाली. आवाज घालवण्यासाठी कुणीतरी सगळे स्क्रू नुसते पिळले होते.

ही फट कशाला हवी, ते सांगते. इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांबते. एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हवरून जळालेला गॅस जातो, तो जास्त तापतो, म्हणून त्याची फट मोठी. फटच ठेवली नाही तर लांबलेली दांडी रॉकरला टेकते आणि व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता तो सीटवर (मिटताना तो बसतो त्या कडेवर) टेकलेला असताना हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात, उतरते. टेकलाच नाही तर ती उतरत नाही, वर प्रत्येक स्फोटाचा गॅस त्या बारीक फटीतून सुटत कड जाळत राहतो. डिझेल पेटतं ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर. दाबच गळाला तर थंड इंजिनात ते नीट पेटत नाही आणि पांढरा धूर होऊन बाहेर पडतं. नाना पेठेतल्या एका मिस्त्रींनी हेड उतरवलं, तेव्हा त्या व्हॉल्व्हच्या कडेचा नखाएवढा तुकडा गेलेला होता. नवा व्हॉल्व्ह, सीट कटिंग, हेडचं पॅकिंग, मजुरी मिळून २६ हजार गेले.

टॅपेट सैल राहिला तर तो वाजतो, व्हॉल्व्ह उशिरा उघडून लवकर मिटतो, रॉकरचं टोक झिजतं. तेही वाईटच, पण ते कानाला कळतं. शिवाय वापराने फट वाढतेच असं नाही. व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत जातो तसतशी ती आपोआप कमीही होते. म्हणजे कुणी हात लावला नाही तरी टॅपेट गप्प होऊ शकतो.

तेव्हापासून हे काम मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः करते. हेडवरचा कचरा आधी झटकून, पुसून मगच कव्हर काढते, कारण आत पडलेली माती थेट ऑइलमध्ये जाते. बॅटरीची अर्थ वायर काढते, गाडी न्यूट्रलला आणि चाकांना दगड. स्टॉपची, म्हणजे इंजिन बंद करायची, दोरी ओढून ठेवते. या जुन्या पंपाला चालू व्हायला वीज लागत नाही, म्हणून ही सवय. चारही हीटर प्लग काढले की सिलिंडरमधला हवेचा दाब निघून जातो आणि पुढच्या पुलीचा नट पान्याने फिरवून इंजिन एकट्या बाईलाही सहज फिरवता येतं. फिरवायचं ते इंजिन चालतं त्याच दिशेने.

कोणता टॅपेट कधी मोजायचा, याचा अण्णांचा हिशेब पाचचा होता. चौथ्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर एकदम डोलू लागले, म्हणजे एक्झॉस्ट मिटताना इनलेट उघडायला लागला, की पहिल्याचे मोजायचे. दुसऱ्याचे डोलले की तिसऱ्याचे. पहिल्याचे डोलले की चौथ्याचे, आणि तिसऱ्याचे डोलले की दुसऱ्याचे. बेरीज पाच झाली पाहिजे. प्रत्येक वेळी अर्धा फेरा, म्हणजे दोन पूर्ण फेऱ्यांत चार सिलिंडरचे आठही टॅपेट होतात. सिलिंडर पुढून मोजा की मागून, हिशेब तोच राहतो. पाती जाड वहीखाली दाबलेला कागद ओढावा तशी निघाली पाहिजे, अडकत नाही आणि भुर्रकन सुटतही नाही. लॉक नट आवळताना स्क्रू थोडा सरकतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा पाती घालायची. घाई करणारे नेमके इथे चुकतात. रॉकरच्या टोकाला खळगा पडला असेल तर सपाट पाती त्यावर पुलासारखी बसते आणि खरी फट पातीच्या आकड्यापेक्षा जास्त असते. असा रॉकर बदलावा किंवा घासून घ्यावा.

माझे आकडे दुसऱ्या इंजिनाला लावू नयेत. काही कंपन्या फट गरम इंजिनावर मोजायला सांगतात, ते गाडीच्या पुस्तकातच बघावं. हायड्रॉलिक टॅपेट, म्हणजे तेलाच्या दाबाने फट आपोआप भरून काढणारे, असलेल्या इंजिनांना हे काम नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माझी वही. स्क्रूला हात लावण्याआधी आठही फटी जशा सापडतील तशा मी लिहून ठेवते आणि नंतरच्या शेजारी लिहिते. एखादा एक्झॉस्ट दरवेळी थोडा थोडा कमी भरत असेल, तर तो सीटमध्ये उतरतोय हे हेड न उघडता कळतं. ती वही आदल्या वर्षी असती तर माझा व्हॉल्व्ह वाचला असता.

म्हणून पुण्यातल्या गॅरेजवाल्यांना माझी विनंती आहे. ‘टॅपेट सेटिंग’ एवढं लिहून भागवू नका. कोणत्या सिलिंडरची फट आधी किती होती, नंतर किती ठेवली, इंजिन थंड होतं की गरम, हे बिलाच्या मागे लिहून द्या. सोळा आकडे लिहायला दोन मिनिटं लागतात. ज्याने फिलर लावलंच नाही, त्याला ते लिहिता येणार नाहीत, आणि गिऱ्हाइकाला तेवढं कळलं तरी पुरे. औंधच्या आयटीआयमधल्या शिक्षकांनाही सांगावंसं वाटतं की मुलांना मोजायला शिकवताच, तसं मोजलेलं लिहून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायलाही शिकवा.

पीयूसीवर यात विसंबून राहता येत नाही. तिथे तापलेल्या इंजिनाची रेस एकदम वाढवून धुराची दाटी मोजतात, जुन्या डिझेलला ६५ हार्ट्रिजपर्यंत (धुराची दाटी मोजायचं एकक) चालतं. व्हॉल्व्ह जळत होता त्याच महिन्यात माझी जीप त्यात पास झाली होती. पहाटे थंड इंजिनाचा पांढरा धूर शेजाऱ्यांच्या खिडकीत जातो, तो त्या यंत्रासमोर येतच नाही.

कुणाला हे काम हाताने शिकायचं असेल तर मी रविवारी सकाळी शिकवायला तयार आहे, पैसे घेणार नाही. माझा पत्ता आपल्या कार्यालयात देऊन ठेवते. येणाऱ्याने आपलं फिलर गेज, एक वही आणि टॅपेट कव्हरचं नवं पॅकिंग आणावं. थंड मोजायचं इंजिन असेल तर गाडी आदल्या संध्याकाळीच आणून लावावी. सकाळी चालवत आणलेल्या गाडीला मी पाती लावणार नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
धायरी, पुणे