‘राइट टू वर्क’ म्हणजे कामाचा हक्क नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या ‘राइट टू वर्क’ कायद्यांना मराठीत सर्रास ‘कामाच्या हक्काचे कायदे’ म्हटले जाते. महाराष्ट्रात या भाषांतराने हमखास घोटाळा होतो. कामाचा हक्क म्हटला की आपल्याला वि. स. पागे यांची रोजगार हमी आठवते: मागेल त्याला काम, आणि त्याला १९७७ च्या कायद्याचा आधार. अमेरिकी कायदा कोणाला काम देत नाही आणि मालकाने काढून टाकले तर वाचवतही नाही. युनियनला पैसे दिले नाहीत म्हणून नोकरी जाणार नाही, एवढीच त्याची हमी.

याचे मूळ १९३५ च्या वॅग्नर कायद्यात आहे. बहुमताने निवडलेली युनियन त्या गटातल्या सर्व कामगारांच्या वतीने करार करते, सभासद नसलेल्यांच्याही. १९४७ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांचा नकाराधिकार डावलून टाफ्ट-हार्टली कायदा झाला. त्याच्या कलम १४(ब) ने राज्यांना सक्तीच्या वर्गणीवर बंदी घालायची मुभा दिली. आज २६ राज्यांत ती बंदी आहे. इतर राज्यांतही सभासद होण्याची सक्ती नाहीच. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८८ च्या बेक निकालानंतर वर्गणीला आक्षेप घेणाऱ्याकडून फक्त वाटाघाटी आणि करार राबवण्याचा खर्च घेता येतो. रेल्वे आणि विमान कंपन्यांना वेगळा केंद्रीय कायदा असल्याने राज्यांची बंदी तिथे लागत नाही. सरकारी नोकरांची सक्तीची वर्गणी २०१८ च्या जॅनस निकालाने देशभर संपली.

खरा परिणाम हिशेबात दिसतो. समजा, ४०० कामगारांचा कारखाना आहे आणि वर्गणी महिना ५० डॉलर. जमा २०,००० डॉलर. १०० जणांनी हात आखडला की १५,००० उरतात. खर्च मात्र ४०० जणांचाच. वर्गणी न देणाऱ्यालाही कराराप्रमाणेच पगार मिळतो, आणि त्याची तक्रार केवळ तो सभासद नाही म्हणून टाळली तर युनियनच कायद्याच्या कचाट्यात सापडते. लवादापुढचे एकेक प्रकरण हजारो डॉलर खाते. मग कात्री लागते ती नव्या कारखान्यांत संघटना बांधण्याच्या कामाला. आपल्याकडच्या कार्यकर्त्यांना हे सांगायला नको: करार सगळ्यांना लागू, पावती फाडणारे मोजके. म्हणूनच पगारवाढीच्या फरकातून एकरकमी वर्गणी घ्यायची पद्धत इथे रुजली.

सक्तीने पैसे घेऊ नयेत हे तत्त्व मी हलके मानत नाही. पण पैसे न देणाऱ्याचे प्रतिनिधित्व करण्याची सक्ती तशीच ठेवून फक्त वर्गणीची सक्ती काढली, तर तराजू एका बाजूला झुकतो. हा मला अन्याय वाटतो.

पगाराबाबत दोन्ही बाजू राज्यांच्या सरासऱ्या एकमेकींवर फेकतात, तिथेच चूक होते. हा कायदा असलेल्या मिसिसिपीत घरभाडे तो नसलेल्या न्यूयॉर्कपेक्षा कितीतरी कमी. उद्योग वेगळे, शिक्षण वेगळे. हे फरक वजा करून इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूटने २०११ मध्ये असा कायदा असलेल्या राज्यांत पगार सुमारे ३.२ टक्के कमी असल्याचे मांडले. ही संस्था कामगार संघटनांच्या बाजूची आहे, हेही लक्षात ठेवावे. त्याहून भक्कम पद्धत म्हणजे त्याच राज्याची कायद्याआधीची आणि नंतरची तुलना. २०११ नंतर कायदा आणणाऱ्या पाच राज्यांचा (इंडियाना, मिशिगन, विस्कॉन्सिन, वेस्ट व्हर्जिनिया, केंटकी) असा अभ्यास फोर्टिन, लेमियो आणि लॉइड या अर्थतज्ज्ञांनी केला. त्यात युनियनचे सभासदही घटले आणि पगारही. ओक्लाहोमाने मात्र २००१ मध्ये कायदा केला. तिथे खासगी क्षेत्रातल्या युनियन आक्रसल्या, पण पगार आणि एकूण रोजगार यांत नोंद घ्यावी असा फरक आढळला नाही.

रोजगार वाढतो या दाव्यासाठी अर्थतज्ज्ञ टॉमस होम्स यांच्या १९९८ च्या अभ्यासाचा दाखला दिला जातो. राज्याची सीमा ओलांडून असा कायदा असलेल्या बाजूला गेले की कारखानदारीचा वाटा सरासरी एक-तृतीयांशाने वाढलेला दिसतो. पण होम्स यांनीच बजावले होते की हा कायदा म्हणजे उद्योगधार्जिण्या धोरणांची नुसती खूण आहे. कर आणि सवलती यांच्यापासून त्याचा परिणाम वेगळा काढता येत नाही. दाखला देणारे नेमके हेच वाक्य गाळतात.

मिशिगनने हा कायदा रद्द केला आणि ते १३ फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाले. इंडियानाने आपला आधीचा, जुना कायदा १९६५ मध्ये रद्द केला होता; त्यानंतर असे करणारे हे पहिले राज्य. तिथले एखाद्या वर्षाचे आकडे दाखवून कोणी निष्कर्ष काढू लागले तर सावध राहावे. रद्द झाल्याबरोबर वर्गणी आपोआप सुरू होत नाही. ती करारात यावी लागते, मालकाने त्याला मान्यता द्यावी लागते, आणि अमेरिकेत करार बहुधा तीन ते पाच वर्षांचे असतात. सरकारी नोकरांवर तर २०१८ च्या निकालामुळे त्याचा परिणामच नाही.

आपला,
एक वाचक, नाशिक